मेकॅनिक्सचं दार उघडायला हवं

स्विंडनमधल्या मराठी आणि गोंयकार मंडळींनो, गणपती, दिवाळी किंवा तियात्रासाठी हॉल शोधताना आपली किती दमछाक होते! आणि रेल्वे व्हिलेजच्या मधोमध, एमलिन स्क्वेअरमध्ये, रंगमंच असलेली एक भलीमोठी दगडी वास्तू 1986पासून कुलूपबंद आहे. तिचं नाव मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन.

भुसावळ-दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्याला 'इन्स्टिट्यूट' म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. 1843मध्ये इथे ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी कामगारांनी ही संस्था काढली. इमारतीसाठी शेअर विकून पैसा उभा केला, 1855मध्ये ती उघडली. दिवसभर लोखंडाशी झुंजलेली माणसं संध्याकाळी इथे वाचायला, शिकायला, नाटक बघायला यायची. जुलैतली 'ट्रिप' ही याच संस्थेची. कारखाना बंद, खास गाड्या सुटायच्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वीस हजारांहून जास्त माणसं समुद्राकडे जायची. गाव अक्षरशः ओस! (सुट्टी मात्र बिनपगारी असायची, हेही सांगायला हवं.)

तीच गोष्ट औषधपाण्याची. 1847पासून पगारातून थोडे थोडे पैसे कापून मेडिकल फंड चालला. मिल्टन रोडवरचे स्नानगृह आणि दवाखाना त्यातूनच उभे राहिले. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेची बीजं इथे होती, असं स्विंडनकर आजही छाती फुगवून सांगतात.

कुणा जमीनदाराच्या मेहेरबानीतून नाही, कामगारांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या या वास्तूची आज ही गत आहे. खिडक्यांना फळ्या ठोकल्या आहेत. खासगी बेत आले नि गेले. वारसा वास्तूंच्या सरकारी यादीत तिचा दर्जा वरचा, पण यादीत नाव असलं म्हणून छप्पर गळायचं थांबत नाही.

'आपण इथले पाहुणे, आपल्याला काय त्याचं?' असं म्हणू नका. हे गावच मुळात बाहेरून आलेल्यांनी वसवलं. कारखान्यात कामाला वेल्सपासून लोक आले, आज आपण आलो. शिवाय भारतीय पासपोर्टवर इथे कायदेशीर राहणाऱ्यालाही नगरपालिकेच्या निवडणुकीत मत देता येतं. नाव मतदार यादीत घाला, मग आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला पत्र पाठवा. सप्टेंबरात वारसा दिनांना जुन्या वास्तूंची दारं फुकट उघडतात, तेव्हा मुलांना घेऊन रेल्वे व्हिलेज पाहा, तिथल्या म्हाताऱ्यांना 'ट्रिप'बद्दल विचारा. सभा, सह्या, वर्गणी, जिथे जमेल तिथे हातभार लावा.

अख्खी इमारत एकदम मागू नका. पत्रात एकच प्रश्न विचारा, आणि उत्तर येईपर्यंत दर महिन्याला विचारत राहा: छपराचं काम कधी सुरू करताय?