श्रुत म्हणजे ऐकलेलं



पोर वाचताना अडखळलं की आपल्या समाजात दोन निदानं तयार असतात. एक, आळशी आहे. दोन, ज्ञानावरणीय कर्माचा उदय आहे. दुसऱ्यावर मी वाद घालणार नाही, कर्म मीही मानते. पण ते कर्म कशानं बांधलं जातं तेही तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात सांगितलंय, आणि त्या यादीत दुसऱ्याच्या ज्ञानात अंतराय आणणं आहे. चाचणीची गरज असलेल्या मुलाला ‘लोक काय म्हणतील’, ‘उद्या लग्न कसं जमेल’ म्हणून दडवून ठेवणं हा अंतराय नाही तर काय?

माझ्या नातवाला डिस्लेक्सिया आहे. हे त्याला विचारूनच लिहितेय. ‘क्रम’ आणि ‘कर्म’ यांत त्याचा अजून घोळ होतो (घरात यावरचा विनोद त्यानंच सुरू केला). भक्तामराचे 48 श्लोक मात्र त्याला पाठ आहेत, सगळे ऐकून. पाठशाळेत उभं करून पुस्तकातून वाचायला लावायचे त्या दिवशी त्याच्या पोटात दुखायचं. सोंग नव्हे, खरंच दुखायचं. आता मला सांगा, आपला आगम कित्येक शतकं कानांनीच जपला ना? धरसेनाचार्यांनी पुष्पदंत-भूतबलींना शिकवलं आणि षट्खंडागम लिहिला गेला, ते बरंच नंतर. त्या दिवसाची श्रुतपंचमी आपण पाळतो. मग पाठशाळेत ऐकून शिकणाऱ्याला कमी का लेखायचं?

शिवभूती मुनींची कथा आठवा. कुंदकुंदाचार्यांच्या भावपाहुडात त्यांचा उल्लेख आहे. गुरूंनी दिलेला पाठ लक्षात राहीना. एक बाई उडदाच्या डाळीची टरफलं वेगळी करत होती, ते पाहून आत्मा-देहाचा भेद त्यांना उमगला. ‘तुष-माष’ एवढंच घोकत ते केवलज्ञानापर्यंत पोहोचले. त्यांना डिस्लेक्सिया होता असं मी म्हणत नाही, जुन्या मुनींना आजची नावं चिकटवू नयेत. पण त्यांना मठ्ठ म्हणून कुणी संघाबाहेर काढलं नाही.

आमच्या न्हावा शेवा बंदरावर रोज हजारो कंटेनर हलतात. प्रत्येकावर चार अक्षरं आणि सात आकडे. त्यातला सातवा आकडा फक्त तपासणीचा, आधीच्या अक्षरा-आकड्यांवरून हिशेबानं काढलेला. लिहिताना आकडे उलटेसुलटे झाले तर बहुतेक वेळा तो पकडतो. बी.कॉम.ला आम्हालाही शिकवलं होतं, तेरीज जुळत नसेल आणि फरकाला नऊनं भाग जात असेल तर आधी उलटे पडलेले आकडे शोधा. 54 चे 45 झाले की फरक नऊ. म्हणजे धडधाकट कारकुनांचेही आकडे उलटतात हे व्यापारानं गृहीत धरलंय आणि सोय करून ठेवलीय. मुलासाठी तशी सोय मागितली की मात्र ‘सवलत घेतो’ म्हणून नाक मुरडायचं!

सोय आहे, आणि हक्काची आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. प्रमाणपत्रासाठी मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात तपासणी होते. जानेवारी 2024 पासून उरणची लोकल आहे, नेरूळला आणि कुर्ल्याला गाडी बदलली की सायन. 1996 पासून काम करणारी महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनही मुंबईतच आहे.

‘बरा होईल ना?’ असं बायका कळवळून विचारतात. ताप नाही हो तो, उतरायला. वाचायला त्याला वेळ लागेल, कदाचित आयुष्यभर. त्याचं त्याला आता फार वाटत नाही. गणिताचा पेपर सोडवताना त्याला प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवावा लागतो, उत्तर तो माझ्याआधी काढतो.

पाठशाळेच्या ताईंना मी एवढंच सुचवलंय की ज्याला हवं त्यानं पुस्तक न उघडता म्हणावं. त्यांनी होकार दिलाय. तुमच्या गावच्या पाठशाळेत विचारून बघा.