कोंबड्याचे काय करणार?

गेल्या दोन पालक-सभांत गृहपाठ आणि बसच्या तक्रारी आटोपल्यावर कोंबड्यांचा विषय निघाला. साध्या नव्हे, शौकाच्या कोंबड्यांचा. सहावी ते आठवीच्या काही मुलांच्या घरी, कुठे अंगणात तर कुठे गच्चीवर, सिल्की, पोलिश कॅप, कोचीन बँटम अशा छोट्या नटव्या कोंबड्या आल्या आहेत. ज्यांच्या घरी नाहीत, त्यांनी हट्ट धरला आहे. "सर, घ्यावी की नाही ते तुम्हीच सांगा," असे पालक म्हणतात. प्रत्येकाला वेगळे सांगण्यापेक्षा येथे लिहितो.

जरूर घ्यावी, असे माझे मत आहे. फक्त घेण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर घरात सर्वांनी बसून ठरवावे: कोंबड्याचे, म्हणजे नराचे, काय करणार?

ज्यांनी हे पक्षी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बँटम म्हणजे ठेंगणी कोंबडी, वजनाला बहुधा किलोच्या आतबाहेर. जावा बेटावरील बांतेन या बंदरावरून युरोपीय खलाशांनी हे नाव उचलले. कोचीन बँटमच्या पायांवर बोटांपर्यंत पिसे असतात, पायजमा घातल्यासारखी. पोलिशच्या डोक्यावर पिसांची टोपी असते. सिल्कीच्या पिसांना एकमेकांत अडकविणारे बारीक आकडे नसतात, म्हणून तिचे अंग कापसासारखे दिसते. तिला पायाला चारऐवजी पाच बोटे असतात, आणि कातडी व हाडे काळी. हे काळेपण आपल्याला नवे नाही. आपल्या शेजारच्या झाबुआचा कडकनाथ, ज्याला २०१८ साली जीआय मानांकन मिळाले, तोही तसाच. शास्त्रज्ञांनी तपासले तेव्हा चीनकडची सिल्की आणि आपला कडकनाथ, दोघांत काळेपणाचे मूळ असलेला जनुकीय बदल एकच निघाला. माझे शिक्षण हिंदी माध्यमातले. आमच्या पुस्तकात 'कुक्कुट पालन' हा धडा अंडी आणि मांस यांपुढे गेलाच नाही. आजच्या मुलाला अंगणात आनुवंशिकता शिकता येते, याचा मला हेवाच वाटतो.

आता नराचा प्रश्न. अंड्यातून निघणाऱ्या पिलांत साधारण निम्मे नर असतात. सिल्कीच्या बाबतीत तर चार-पाच महिने नर-मादी नीट ओळखूही येत नाही. विकणारा "जोडी आहे" म्हणून देतो, त्यावर फार विश्वास ठेवू नये. तोवर पिलाला नाव पडलेले असते, ते मुलाच्या मांडीवर झोपत असते. मग एके दिवशी पहाटे चारला ते आरवते. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण आपण वर्गात शिकवतो. इथे तांबडे फुटायच्या आधीच शेजारी दार वाजवतात आणि कोंबडे झाकायचे कसे, हीच अडचण होऊन बसते.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरी असेच झाले. मुलगा शाळेतून परतला तेव्हा खुराडे रिकामे होते. "गावाला पाठवला," असे त्याला सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी त्याने मधल्या सुट्टीत मला विचारले, "सर, आमचे तर कुठलेच गाव नाही. मग कोणत्या गावाला?" मी त्याला काय उत्तर दिले ते महत्त्वाचे नाही. घरच्यांनी वाईट हेतूने केले असेही मी म्हणणार नाही. पण हा प्रश्न खरेदीच्या दिवशीच विचारता आला असता. ज्यांच्या घरी कोंबडी खातात, त्यांच्याजवळ एक उत्तर असते, आणि ते मुलाला आधी स्पष्ट सांगितले तर त्यात लपवण्यासारखे काही नाही. जी घरे शाकाहारी आहेत त्यांना दुसरे उत्तर शोधावे लागेल. कोणाच्या तरी गळ्यात मारणे, किंवा रात्री बागेत सोडून येणे, हे उत्तर नव्हे. खुराड्यात वाढलेला सिल्की नर कुत्र्या-मांजरांपुढे एक रात्रही काढणार नाही. त्याला धड उडता येत नाही.

बाजारात दहा-वीस रुपयांना मिळणारी गुलाबी-हिरवी रंगवलेली पिले मुळीच घेऊ नयेत. ती बहुतेक अंड्यांच्या जातीतले नर असतात. अंडी देणार नाहीत आणि मांसही फार होणार नाही, म्हणून उबवणी केंद्राला नको झालेले. म्हणजे आपल्या घरात उभा राहणारा प्रश्न तिथे पहिल्याच दिवशी रंग लावून विकला जातो.

यावर माझा उपाय साधा आहे. पिले न घेता सहा महिन्यांच्या पुढच्या, ओळखू येणाऱ्या दोन-तीन माद्या घ्याव्यात. सिल्कीत मादीचा झुबका गोल, चेंडूसारखा. नराच्या झुबक्यातून मागे लांब शेपटे निघतात आणि तुराही मोठा असतो. मादीला अंडी द्यायला नर लागत नाही, ती अंडी फक्त उबत नाहीत. सिल्की आणि कोचीन वरचेवर खुडूक होतात. अंडी रोज उचलावीत, तरी ती रिकाम्या जागेवरही बसून राहील. मुलाला तेव्हा पिलांचा मोह होईल, तेव्हाच पालकांनी पहिला प्रश्न पुन्हा विचारावा.

दिसण्याच्या हौसेबद्दलही थोडे बोलले पाहिजे. पोलिशची टोपी इतकी वाढते की तिला समोरचे दिसत नाही. वरची पिसे कातरावी लागतात. सिल्कीच्या अंगावर पाणी ठरते, म्हणून पावसाळ्यात कोरडे छप्पर हवेच. उलट्या पिसांच्या फ्रिझल जातीत दोन फ्रिझल एकत्र केले तर सुमारे चौथा हिस्सा पिलांची पिसे ठिसूळ होऊन झडतात. जपानी बँटमचे आखूड पाय तर त्याहून महाग पडतात: आखूड पायांच्या जोडीची चौथा हिस्सा पिले अंड्यातच मरतात. हे ठाऊक असूनही केवळ शोभेसाठी अशा जोड्या लावणे मला पटत नाही. मुलांनी मेंडेल शिकावा, पण दुसऱ्याच्या जिवावर नको.

आजाराची बाब थोडक्यात. राणीखेतची लस पशुवैद्याला विचारून वेळेवर द्यावी, आणि पक्षी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला आणि डिसेंबर २०२० च्या अखेरीस आपल्या इंदूरच्या कावळ्यांत बर्ड फ्लू आढळला होता. मेलेला पक्षी मुलांनी उचलू नये, पशुपालन विभागाला कळवावे.

विज्ञान मंडळाच्या मागणीवरून शाळेच्या मागच्या आवारात तीन सिल्की माद्या ठेवण्यास मी परवानगी दिली आहे. नर नाही. दाणा-पाणी सातवीकडे, अंडी उचलणे आणि सफाई आठवीकडे. रविवारची पाळी शिपाईकाकांनी आपणहून घेतली आहे. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीची पाळी मात्र अजून कोणीच घेतलेली नाही. ती भरेपर्यंत पक्षी आणले जाणार नाहीत. इच्छुक पालकांनी आपली नावे कार्यालयात द्यावीत.