घाटातील सायकल-सहल बंद करू नये

स्मरणिका समितीने माझ्याकडे ‘वसतिगृहातील आठवणी’ या विषयावर लेख मागितला होता. आठवणी सांगण्याचे वय झाले आहे हे खरे. परंतु यंदा मला एका चालू प्रश्नाविषयी लिहावेसे वाटते. नववी-दहावीच्या मुलामुलींची वाई ते महाड ही सायकल-सहल गेल्या डिसेंबरात झाली आणि त्यानंतर ती ‘तूर्त स्थगित’ आहे. ज्या चुकीमुळे ती स्थगित झाली ती चूक माझी आहे. म्हणून तिची बाजू मांडण्याचा मला अधिकार कितपत, असे कोणी विचारले तर तेही रास्तच. मी याच वसतिगृहात वाढलो आणि अठरा वर्षे येथेच विज्ञान शिकवतो आहे. त्या नात्याने काय घडले ते आधी सांगतो, मत नंतर.

आदल्या दिवशी आम्ही वाईला मुक्काम केला आणि दुपारी लोहारे येथील लेणी पाहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला निघालो. अकरा मुले, त्यांपैकी पाच मुली. आम्ही तीन मोठी माणसे. मागे एक टेम्पो. गिअर असलेल्या सात सायकली माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या. उरलेल्या चार म्हणजे शाळेच्या जुन्या काळ्या सायकली, सळईच्या ब्रेकच्या, ज्यांवर एकेकाळी आपल्यापैकी अनेकांनी बाजारातून भाजी आणली आहे. कोणाला कोणती सायकल द्यावी याची चिठ्ठी काढली होती. पुढे जे घडले त्यात ती चिठ्ठीही आठवत राहिली.

वाई संपताच पसरणीचा घाट सुरू होतो. बारा-एक किलोमीटरमध्ये रस्ता सुमारे सहाशे मीटर वर जातो, म्हणजे शंभर मीटर पुढे गेले की पाच मीटर वर. मोटारीत बसलेल्यास हा चढ जाणवतही नाही. काळ्या सायकलीवर मात्र तिसऱ्या वळणालाच उतरून ढकलावे लागते. आम्ही एक नियम केला होता : चढावर सर्वांत हळू जो चालवतो तो सर्वांत पुढे, आणि त्याला कोणी ओलांडायचे नाही. गिअरवाल्यांना पहिला अर्धा तास हा नियम जाचला. चुळबुळ झाली, कोणी उगाच घंटा वाजवली. नंतर मात्र गप्पा सुरू झाल्या, कारण सगळे एकाच वेगाने चालले होते. हा नियम कोणत्याही पुस्तकातून घेतलेला नाही. दोन वर्षांपूर्वीच्या सहलीत एक मुलगी मागे पडून घाटात तासभर एकटी राहिली, तेव्हा तो सुचला. तीही माझीच चूक होती, हे या निमित्ताने लिहून टाकतो.

पाचगणीला पोहोचेपर्यंत प्रत्येकाजवळचे पाणी संपले होते. टेम्पोतून बाटल्या भरून घेताना एका मुलाने विचारले, “सर, कालच्या लेण्यात ते टाके कशाला होते, ते आत्ता कळलं.” बंदरांतून घाटमाथ्यावर जाणारे जुने व्यापारी मार्ग आणि त्यांच्या कडेने खोदलेली लेणी हा विषय आम्ही वर्गात शिकवतो. नाणेघाट, जुन्नर, कार्ले ही नावे मुले पाठ करतात. लेण्यांतील शिलालेखांत पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे आणि असे टाके खोदवून देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, हेही सांगतो. पण एखाद्याने सभामंडपाऐवजी टाके दान द्यावे, यात काय आहे हे मला स्वतःलाही पुस्तकातून कधी नीटसे उमगले नव्हते. त्या मुलाला बारा किलोमीटरमध्ये उमगले. व्यापारी तांडा ज्या गतीने चढत असेल, त्याहून ढकललेली सायकल फारशी वेगवान नसते.

महाबळेश्वरला साडेबारा वाजले. येथे मी मुलांना थोडा भूगोल ऐकवला, तो शिक्षकाचा स्वभावच. सकाळी ज्या कृष्णेच्या काठावरून निघालो आणि संध्याकाळी ज्या सावित्रीच्या काठी पोहोचायचे होते, त्या दोन्ही याच पठारावर उगम पावतात. एक पूर्वेकडे सारे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. दुसरी कड्यावरून खाली उतरून थोडक्यात अरबी समुद्र गाठते. पायडल मारून हा पाणलोट ओलांडला की नकाशातील रेघ कायमची कळते. भाकरी, ठेचा, गूळ-शेंगदाणे खाऊन दोनच्या सुमारास आम्ही आंबेनळी घाटाकडे वळलो.

येथून पोलादपूरपर्यंत सुमारे चाळीस किलोमीटरमध्ये बाराशे मीटरहून अधिक उतार आहे. चढाची भीती सर्वांनाच वाटते. उताराची वाटत नाही, आणि खरा धोका उतारातच असतो. नववीत ‘कार्य आणि ऊर्जा’ शिकवताना मी याच घाटाचे गणित घालतो. मुलगा आणि सायकल मिळून पासष्ट किलो धरले, तर बाराशे मीटर उतरताना साडेसात लाख ज्यूलहून अधिक ऊर्जा कोठेतरी जावी लागते. काही वाऱ्यात जाते, उरलेली ब्रेकच्या रबरांत आणि रिममध्ये. ती सारी पाण्याला दिली, तर सव्वादोन लिटर गार पाणी उकळेल. म्हणून दोन्ही ब्रेक आलटून पालटून दाबायचे, दर काही वळणांनी थांबायचे, रिम हाताने नव्हे तर पाण्याच्या थेंबाने तपासायची.

एवढे सगळे शिकवणाऱ्या मी काळ्या सायकलींची रबरे निघण्यापूर्वी उलटवून पाहिली नव्हती. वरून ती जाड दिसत होती. वाडा कुंभरोशीच्या अलीकडे एका मुलाच्या मागच्या ब्रेकमधून लोखंड घासल्याचा आवाज येऊ लागला. तो घाबरला नाही, पाय टेकवत टेकवत कडेला थांबला. पिशवीत रबराच्या सहा जोड्या होत्या, पण त्या सगळ्या गिअरच्या सायकलींच्या. सळईच्या ब्रेकला त्या बसत नाहीत. सुटे भाग आणताना माझ्या डोळ्यांपुढे नव्या सायकली होत्या. जुन्या सायकलीवर कोण बसणार याचा विचार मी केला नव्हता. आणि चिठ्ठीत ती सायकल निघाली होती ती आमच्या गटातील सर्वांत गरीब घरच्या मुलाच्या नावाने.

मी सायकल टेम्पोत चढवली आणि त्याला आत बसायला सांगितले. तो काही बोलला नाही, बसला. तेव्हा दहावीतील एक मुलगी पुढे येऊन म्हणाली, “सर, एकट्यानेच का बसायचं? पाळीपाळीने बसतो.” त्यानंतर दर दोन-तीन किलोमीटरला एक जण उतरून टेम्पोत बसे आणि त्याची सायकल दुसरा घेई. प्रत्येक वेळी सीट वर-खाली करायची, ब्रेक तपासायचे, आणि मगच निघायचे. मी घड्याळ पाहत होतो, पण थांबवले नाही. परिणामी पाचला पोलादपूर सोडायचे ते साडेसहा झाले. अंधारात महामार्गावर मुलांना सोडणे शक्य नव्हते. सर्व सायकली टेम्पोत आणि मुले दोन खेपांत, असे करीत महाडला पोहोचायला आठ वाजून गेले. घाटात फोनला रेंज नव्हती. पालक ताटकळले होते.

त्या मुलाचे वडील महाड तालुक्यातलेच. ते चौकात उभे होते. रागावतील ही अपेक्षा होतीच, पण ते जे बोलले त्याला माझ्याजवळ अजून पुरते उत्तर नाही. ते म्हणाले, “गुरुजी, सायकलीवरून खाली उतरायला आमच्या दोन पिढ्या गेल्या. तुम्ही पोराला परत सायकलीवर बसवता, तेही घाटात?”

हा प्रश्न केवळ उशिराचा नाही. माझे वडील बावीस वर्षे सायकलीने कारखान्यात गेले. पावसात, रात्रपाळीत, आजारी असतानाही. पहिली मोटारसायकल आली त्या दिवशी त्यांनी ती सायकल विकली, मागे वळूनही पाहिले नाही. ज्या समाजाने नाइलाजाने पायडल मारले, त्याला सायकल ही हौस कशी वाटावी? त्यात भीतीची कारणेही खरी आहेत. २८ जुलै २०१८ रोजी याच आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली आणि एका माणसाखेरीज त्यातील कोणी वाचले नाही. पालकांनी विचारूच नये, असे मी म्हणणार नाही.

तरी माझे मत असे की नाइलाजाने केलेला प्रवास आणि निवडलेला प्रवास या दोहोंत फरक आहे, आणि हा फरक आपल्या मुलांच्या वाट्याला यावा. १९२३ साली मुंबईतून सायकलीवर निघालेले अदी हकीम, जल बापासोला आणि रुस्तम भूमगरा १९२८ साली सुमारे ७१,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. २०१५ साली नाशिकच्या महाजन बंधूंनी अमेरिका ओलांडणारी शर्यत पुरी केली. या बातम्या आपण भिंतीवर लावतो, आणि लावाव्यातही. पण मला विक्रमांचे फारसे आकर्षण नाही. आपल्या मुलाला ‘हा रस्ता माझा आहे, मी तो माझ्या पायांनी ओलांडू शकतो’ असे एकदा वाटावे, एवढेच मागणे आहे. मुलींच्या बाबतीत तर अधिकच. मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात, ही फार मोलाची गोष्ट. पण बहुतेक घरांत त्या सायकलीची हद्द शाळेच्या फाटकापर्यंतच असते.

शिवाय टेम्पोत पाळीपाळीने बसण्याची ती गोष्ट. समता आपण व्याख्यानांतून पुष्कळ शिकवतो. त्या दिवशी आंबेनळीत ती कोणी शिकवली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे गांधारपाले लेण्यांच्या पायऱ्या चढले, मग चवदार तळ्यावर गेले. १९२७ च्या २० मार्चविषयी मी तेथे नेहमी अर्धा तास बोलतो. यावेळी पाच मिनिटांत आवरले, मुलांनीच पाण्याकडे पाहत बराच वेळ काढला. तो मुलगाही त्यांच्यात होता, वडिलांसह.

विश्वस्तांना माझी विनंती एवढीच की स्थगिती उठवावी, पण जशी होती तशी सहल पुन्हा करू नये. महाबळेश्वरला मुक्काम करून दोन दिवस घ्यावेत, म्हणजे घाट दुपारी उतरावा लागणार नाही. पावसाळा आणि दाट धुक्याचे दिवस टाळावेत. सायकली मुलांनी आधी महिनाभर स्वतः दुरुस्त कराव्यात, चाके काढून, रबरे उलटवून. नववीच्या कार्यानुभवाच्या तासाला यापेक्षा चांगले काम मला ठाऊक नाही. सुटे भाग आणताना यादी सर्वांत जुन्या सायकलीपासून सुरू व्हावी. पालकांपैकी कोणी बरोबर येऊ इच्छीत असेल तर जागा ठेवावी. त्या मुलाच्या वडिलांना मी विचारले आहे. ते नाही म्हणालेले नाहीत. टेम्पो चालवता येतो, एवढे बोलले.

सध्या अकराही सायकली भोजनगृहामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या आहेत. हवा न भरल्याने ट्यूब एकमेकींना चिकटू लागल्या आहेत. सळईच्या ब्रेकची रबरे आता शहरांतील दुकानांत सहसा मिळत नाहीत. गावाकडच्या जुन्या दुकानांत अजून मिळतात. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या गावात असे दुकान असेल त्यांनी आठ जोड्या शाळेच्या पत्त्यावर पाठवाव्यात, पैसे मी देईन. विश्वस्त मंडळाची बैठक पावसाळ्यानंतर आहे.