पहिलं धनुष्य हलकंच करा

लाकूड आणि बांबूचे थर एकमेकांना चिकटवून स्वतःच्या मापाचं धनुष्य करावं, किंवा कारागिराकडून करून घ्यावं, असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. अशा मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती पौंडांचं होईल, म्हणजे पूर्ण ओढायला किती जोर लागेल? पाठोपाठ उत्तरही तेच देतात, 50 तरी हवंच. माझं कळकळीचं सांगणं आहे की पहिलं धनुष्य 30 पौंडांच्या पुढे नेऊ नका. व्यायाम करणाऱ्या तरुणानेही नेऊ नये.

जड धनुष्य ओढलं जातं, पण धरवत नाही. दोरी हनुवटीपर्यंत येण्याआधीच हात थरथरतो, खांदा वर चढतो, नेम लागायच्या आत बोटं सुटतात. ही सवय एकदा अंगात मुरली की पुढे हलकं धनुष्य घेऊनही ती सुटत नाही. उदयपूरकडच्या आदिवासी गावातून आलेल्या लिंबा राम यांचा हात बसला तो साध्या बांबूच्या धनुष्यावर. तेच पुढे 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकपर्यंत पोहोचले. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे 2023 मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले ते कंपाउंड प्रकारात. ते चाकांचं धनुष्य, त्याचं तंत्र निराळं. त्या धनुष्यांच्या पौंडांचे आकडे लाकडी धनुष्याला लावू नका.

आता माप. ओढ म्हणजे दोरी जितकी मागे खेचली जाते ते अंतर. पौंडांचा आकडा 28 इंच ओढीवर सांगायची रीत आहे, आणि तुमची ओढ तेवढी असेलच असं नाही. दोन्ही हात आडवे पसरा, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर कुणाकडून तरी मोजून घ्या आणि त्याला अडीचने भागा. 65 इंच भरले तर ओढ 26 इंच. अशा माणसाला 40 पौंडांचं म्हणून दिलेलं धनुष्य प्रत्यक्षात 35 च्या आसपास लागतं, कारण इंचामागे अडीच-तीन पौंडांचा फरक पडतो. लांब हातांच्या माणसाने तेच 30 इंचांपर्यंत ओढलं तर वजन 45 वर जातं, आणि ज्या बाकासाठी लाकूड तासलेलंच नाही तो बाक त्याच्यावर लादला जातो. 28 इंच ओढीला 66 इंच लांबीचं धनुष्य घ्या. आखूड धनुष्य दिसायला देखणं असतं, पण लाकडात ते नवशिक्याचं काम नव्हे.

धनुष्याला पाठ असते आणि पोट असतं. लक्ष्याकडची बाजू पाठ, तुमच्याकडची पोट. ओढलं की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. बांबूची बाहेरची साल ताण उत्तम सोसते, म्हणून पाठीला बांबूची पट्टी लावायची. त्यासाठी मोठ्या घेराचा, जाड भिंतीचा बांबू बघा, किमान तीन वर्षं वाढलेला आणि पावसाळा संपल्यावर तोडलेला. कोवळ्या बांबूत पाणी जास्त, त्याला भुंगा लवकर लागतो. पट्टी आतल्या बाजूने रंधून सपाट करा; बाहेरच्या सालीच्या तंतूंना मात्र हत्यार लावू नका. पेर उंच दिसतं म्हणून घासून सपाट केलं की तंतू तिथेच तुटतात, आणि धनुष्य मोडतं तेही तिथेच. पोटाला धामणीसारखं चिवट, लवचीक लाकूड चांगलं. मुठीला शिसव शोभते. साग वापरायचा असेल तर तो तेलकट असतो हे लक्षात ठेवा. चिकटवण्याआधी पॉलिश पेपर मारून अ‍ॅसिटोनने पुसून घ्या.

जाडीबद्दल एकच गोष्ट पक्की डोक्यात बसवा. पट्टीची रुंदी दुप्पट केली तर ताकद दुप्पट होते, पण जाडी दुप्पट केली तर आठपट. जाडी फक्त दहा टक्के वाढली तरी ताठरपणा तेहेतीस टक्क्यांनी वाढतो. म्हणून दोन्ही बाहूंची, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंच्या भागांची, जाडी डोळ्यांनी जोखू नका, कॅलिपरने जागोजागी मोजा.

चिकटवायला फेविकॉलसारखा पांढरा गोंद नको. सतत ताणाखाली तो हळूहळू सरकतो. दोन भागांचा, सावकाश सुकणारा इपॉक्सी घ्या. पाच मिनिटांत घट्ट होणारा घेऊ नका, कारण थर साच्यावर बसवेपर्यंतच तेवढा वेळ निघून जातो. थर साच्यावर ठेवून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी घट्ट गुंडाळा. दाब सगळीकडे सारखा पडावा, पण पिळून सगळा गोंद बाहेर काढू नका. कोरडा सांधा उकलतो. कोकणात हे काम भर पावसात करू नका. लाकूड त्या दिवसांत हवेतली ओल पितं. इपॉक्सी मिसळताना हातमोजे आणि घासताना तोंडाला मास्क, यात हयगय नको.

खरी परीक्षा पुढे आहे, बाक सारखा करण्याची. धनुष्य भिंतीवरच्या खुंटीला मुठीत अडकवा, दोरी कप्पीतून ओढा आणि लांब उभे राहून बघा. डोळा फसतो, म्हणून सहा इंचांचा सरळ लाकडी ठोकळा घ्या, त्याला मधोमध भोक पाडून पेन्सिल बसवा. बाक दिलेल्या धनुष्याच्या पोटावरून हा ठोकळा सरकवत न्या. जिथे बाक सगळ्यात जास्त आहे तिथे पेन्सिलचं टोक जेमतेम अधांतरी राहील असं ठेवा. मग जिथे बाहू ताठ आहे तिथे पेन्सिल आपोआप रेघ ओढेल. तासायचं ते रेघ उमटली तिथेच, पोटाच्या बाजूने, चार-दोन ओरखडे. मग वीस-तीस वेळा हलकं ओढून सैल करायचं आणि पुन्हा ठोकळा फिरवायचा. ठरलेल्या वजनापुढे एकदाही ओढायचं नाही. हे काम संध्याकाळी दमल्यावर करू नका. काढलेला ढलपा परत बसवता येत नाही.

तयार झाल्यावर दोरी डॅक्रॉनची लावा, 30 पौंडांना साधारण 20 ग्रॅमचा बाण वापरा, आणि बाण न लावता ओढून कधीही सोडू नका. बाणात जायची ती सगळी शक्ती मग लाकडात परत येते. वापर झाला की दोरी उतरवा. उन्हात उभ्या गाडीत धनुष्य ठेवू नका, सांधे सुटतात. शिकारीचा तर विचारही नको. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. नेमबाजी मागे भक्कम बांध असलेल्या मोकळ्या जागीच करा. स्पर्धेची हौस असेल तर आपल्या राष्ट्रीय स्पर्धांत लाकूड-बांबूच्या धनुष्यांसाठी इंडियन राउंड आहे, 50 आणि 30 मीटरवरचा. त्याचे नियम जिल्हा संघटनेत विचारून मगच धनुष्य आखा.

आणि करून घेणार असाल तर एवढं पाळा: जो कारागीर तुमची ओढ न मोजता, तुम्ही कधी तिरंदाजी केली आहे का हे न विचारता आगाऊ रक्कम घेतो, त्याच्याकडून धनुष्य घेऊ नका.