हिरवं झाड कधी उपटायचं?



जुलै २०२३ आठवतोय ना? टमाट्याचा भाव बऱ्याच शहरांत किलोला १०० रुपयांच्या पुढे गेला, काही ठिकाणी तर २०० च्याही. शेवटी केंद्र सरकारने नाफेड आणि एनसीसीएफमार्फत आधी ९० आणि मग ८० रुपये किलोने टमाटे विकले. तेव्हा घराघरांत एकच सल्ला दिला जात होता, "बाजाराच्या नादी लागू नका, परसात चार झाडं लावा!"

सल्ला चांगलाच आहे. फक्त जुलैसाठी तो उपयोगाचा नाही, निदान आमच्या बेल्यात तरी नाही.

बेला म्हणजे आदिलाबाद जिल्ह्याचं टोक. राज्य तेलंगणा, घरात मराठी, पैनगंगेपलीकडे महाराष्ट्र. टमाट्याला आमच्या बोलीत भेदरं म्हणतात. जमीन काळी, कापसाची. हिवाळ्यात पहाटेचा पारा १० अंशांखाली उतरतो आणि मे महिन्यात दुपारी ४४-४५ वर जातो. भेदरं कधी लागतील, हे याच दोन आकड्यांवर ठरतं.

टमाट्याच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, वारा लागला किंवा माशी बसली तरी परागीकरण होतं. पण दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्री साधारण २४ च्या वर पारा राहिला, की पराग दुबळे पडतात आणि फूल देठापासून गळतं. खत वाढवा, पाणी वाढवा, काही फरक पडत नाही. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत दीड महिना तरी जातो. म्हणजे जुलैत फळ हवं तर फूल मे-जूनमध्ये धरायला हवं, आणि नेमकं तेव्हाच ते आमच्याकडे धरत नाही. मदनपल्ले आणि कोलारचे टमाटे उन्हाळ्यातही बाजारात येतात, कारण ती गावं सातशे-आठशे मीटर उंचीवर आहेत. आदिलाबाद ३०० मीटरच्याही आत.

हे सगळं मला आईसाठी समजून घ्यावं लागलं. मी हैदराबादला सॉफ्टवेअरचं काम करतो, आई बेल्यात असते. तिच्या परसात आठ झाडं आहेत. मार्च संपला, विहीर तळाला गेली, तरी ती सकाळ-संध्याकाळ बादल्या वाहायची. गुडघे दुखतात, तरीही. मी म्हटलं, "आई, उपटून टाक आता." ती म्हणाली, "हिरवं झाड उपटू नये बाबू. फुलं तर लागलीच आहेत ना!"

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. रोज रात्रीच्या फोनवर मी एवढंच विचारू लागलो, की आज झाडाखाली फुलं किती पडली आणि नवीन गोळी किती धरली. दुसरीकडे आदिलाबादचं रात्रीचं तापमान लिहीत गेलो. दोन आठवड्यांनी आईच म्हणाली, "पडतात सगळी. धरत एकही नाही." झाड हिरवं होतं, पण फळ देणार नव्हतं. त्या रविवारी तिने आठही झाडं काढली आणि त्या जागी ऊन सोसणारी गवार आणि भेंडी टोकली. त्यांना पाणी लागतंच, पण ती बादली वाया जात नाही.

मग आमच्या भागात भेदरं लावायची कधी? पाऊस ओसरू लागला की, ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये रोप टाकायचं. २५ ते ३० दिवसांनी रोपं लावायची. काळ्या जमिनीत पाणी साचलं तर मुळं कुजतात, म्हणून वाफा उंच हवा. बुडाशी सोयाबीनचं कुटार अंथरायचं, म्हणजे ओल टिकते. एकदा कोरडं, एकदा चिखल असं झालं की फळाचा खालचा भाग काळा पडून बसतो. तो रोग नसतो. पाणी अनियमित मिळालं की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही, म्हणून तसं होतं. आधाराला गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्या चालतात. पानं वरच्या बाजूला गोळा होऊन झाड खुरटलं तर ते पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूचं काम असू शकतं. असं झाड लगेच काढलेलं बरं. ही भीती जास्त असेल तर बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित वाण या रोगाला तोंड देतो. मात्र संकरित फळाचं बी धरून पुढच्या वर्षी तसंच झाड येत नाही. बी धरायचं असेल तर पुसा रुबीसारखा सरळ वाण घ्या.

डिसेंबरपासून तोडणी सुरू होते. फळ झाडावरच लालभडक होऊ द्यायची गरज नाही. टोकाला हिरव्यातून पहिली गुलाबी-पिवळी झाक आली की फळ तोडून घरात ठेवा. तिथून पुढे ते स्वतःच्याच इथिलीन वायूने पिकतं आणि पोपटांच्या तावडीतूनही सुटतं. फ्रिजमध्ये मात्र पिकण्याआधी ठेवू नका, थंडीने पिकणं अडतं आणि चवही जाते. मार्चमध्ये फळं लाल न होता पिवळट-नारिंगी राहू लागली, तर समजायचं की हंगाम सरला. तिशीच्या वरच्या उष्णतेत लाल रंग नीट तयार होत नाही.

आणि जुलैची सोय? ती फेब्रुवारीतच करायची. भेदरं पायलीने निघतात तेव्हा पिकलेली फळं कापून, मीठ लावून, कडक उन्हात खडखडीत वाळवायची आणि बरणीत भरायची. पावसाळ्यात वरणात चार फोडी टाकल्या की काम होतं.

तुमच्यापैकी कित्येकांचे आई-बाबा अजून गावी आहेत आणि परसात काही ना काही लावतात. पुढच्या फोनवर "जेवलात का?" याच्या जोडीला "झाडाखाली फुलं किती पडली?" हेही विचारा. बादली कधी खाली ठेवायची, हे त्यावरून दोघांनाही कळेल.