पद्मिनी घाटात का अडली?

काय मुलांनो, दिवाळीचा फराळ संपला का? आज फराळाची नाही, एका गाडीची गोष्ट सांगते.

माझ्या वडिलांकडे, म्हणजे आप्पांकडे, जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी आईबाबांनी पाहिल्या असतील, तीच ही गाडी. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. आमची मात्र अजून अंगणात उभी आहे.

मध्यंतरी ती 'मिसिंग' करू लागली. चालता चालता आचके द्यायची. माझा धाकटा भाऊ म्हणाला, "आप्पा, कार्ब्युरेटर म्हातारा झालाय. मोठा बसवू, मग बघा कशी पळते!" दुकानदारानेही "मोठा तेवढा चांगला" असे सांगितले. बसवला!

त्या रविवारी आम्ही वाईहून पाचगणीला निघालो. पसरणी घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडी धापा टाकून बंद पडली. आम्ही सगळ्यांनी ढकलली, पण बाई हलेचना! भाऊ वैतागला, "आता भंगारातच देऊन टाकू." आप्पा काहीच बोलले नाहीत. बॉनेटवर हात ठेवून नुसते उभे राहिले. मला कसेसेच झाले.

पण मोठा कार्ब्युरेटर बसवूनही गाडी अडली कशी?

पेट्रोलचे इंजिन नुसते पेट्रोल पीत नाही. १ ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. म्हणजे १ लिटर पेट्रोलला जवळजवळ ९,००० लिटर हवा! हे मिश्रण करतो कार्ब्युरेटर. त्याच्या आत एक नळी असते, मध्येच कमरेसारखी अरुंद. तिला 'व्हेंच्युरी' म्हणतात. हे नाव इटलीचे शास्त्रज्ञ व्हेंच्युरी यांच्यावरून पडले. अरुंद जागेतून हवा वेगाने धावते, तिथे तिचा दाब कमी होतो आणि शेजारच्या वाटीतले पेट्रोल 'जेट' नावाच्या बारीक भोकातून वर ओढले जाते. त्याचे तुषार होऊन हवेत मिसळतात.

आता गणित करू या. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, म्हणजे १ लिटरहून थोडे मोठे. दोन फेऱ्यांत ते एकदा पोटभर हवा घेते. मिनिटाला ४,८०० फेऱ्या झाल्या, तर २,४०० वेळा. १.०८९ × २,४०० = सुमारे २,६१४ लिटर. २० लिटरच्या १३० बादल्या! प्रत्यक्षात थोडी कमीच, कारण पोट काही पूर्ण भरत नाही.

एवढ्या हवेला शोभेल अशीच कंबर हवी. ती फार अरुंद असेल, तर वेगात गाडीचा श्वास कोंडतो. फार रुंद असेल, तर हवा रमतगमत जाते, ओढ कमी पडते आणि पेट्रोल नीट वर येत नाही. घाटात इंजिन हळू फिरत असते आणि आपण पॅडल पूर्ण दाबतो. तेव्हा तर ही ओढ फारच कमी पडते. आमचे नेमके तेच झाले होते.

गॅरेजवाले मिस्त्रीकाका हसले. म्हणाले, "ताई, बाळाला आजोबांचा बूट घातला, तर ते पळेल का?" त्यांनी जुनाच कार्ब्युरेटर उघडला. त्याच्या झडपेचा दांडा झिजला होता. फटीतून जादा हवा शिरत होती आणि एक जेट तुंबले होते. म्हणजे कार्ब्युरेटर लहान नव्हताच, आजारी होता! काकांनी नवे बुश बसवले, जेट साफ केले, गॅस्केट बदलली. पुढच्या रविवारी आप्पांनी स्वतः गाडी चालवली आणि पद्मिनी न थांबता घाट चढली. भाऊ मागच्या सीटवर अगदी गप्प होता!

आताच्या मोटारींत कार्ब्युरेटर नसतो. तिथे संगणक मोजूनमापून पेट्रोल फवारतो. पण जुनी गाडी जपायची, तर तिला तिच्या मापाचेच द्यावे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद करता येते. आमच्या आप्पांचा डोळा त्यावरच आहे!

करून पाहा : पेल्यात पाणी घ्या. एक स्ट्रॉ त्यात उभी धरा, तिचे टोक पाण्याच्या थोडे वर असू द्या. दुसरी स्ट्रॉ तिच्या टोकाशी आडवी धरून जोरात फुंका. पाणी वर चढून तुषार उडतील. (फक्त पाणीच घ्यायचे. पेट्रोलला हात लावायचा नाही!)

डोके चालवा : मारुती ८०० चे इंजिन ७९६ सीसीचे. मिनिटाला ५,००० फेऱ्या झाल्या, तर ते जास्तीत जास्त किती लिटर हवा घेईल? उत्तर पुढच्या अंकात. तोवर टाटा!