निदानाची वेळ कोणाच्या वाट्याला?

जठराच्या कर्करोगाचे शास्त्र आज एका सूक्ष्म प्रश्नापाशी येऊन ठेपले आहे. रोग प्रारंभावस्थेत असतानाच तो लसिका ग्रंथींत पोहोचला आहे किंवा नाही, याचे भाकीत करता येईल काय? प्रश्न केवळ तज्ज्ञांचा वाटतो. परंतु विरार पूर्वेच्या फुलपाड्यातून पहाटेची लोकल गाठणाऱ्या कामगाराच्या भाकरीशी त्याचा थेट संबंध आहे.

जपानी तज्ज्ञांनी १९६२ साली प्रारंभिक जठर-कर्करोगाची व्याख्या केली. जठराच्या आतील अस्तरापुरता किंवा फार तर त्याखालच्या थरापर्यंत गेलेला रोग तो प्रारंभिक. मग ग्रंथी बाधित असोत वा नसोत. रोग अस्तरापुरता असेल तर ग्रंथी बाधित होण्याचे प्रमाण शेकडा दोन-तीन असते. खालच्या थरात शिरल्यावर ते शेकडा वीसच्या आसपास जाते. गाठीची खोली व आकार, पेशींची ठेवण, व्रणाचे अस्तित्व आणि सूक्ष्म वाहिन्यांत पेशींचा झालेला शिरकाव यांवरून हे भाकीत बांधले जाते. टोकियोतील दोन रुग्णालयांच्या ५,२६५ रुग्णांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. अस्तरापुरत्या, सुघटित पेशींच्या आणि तीन सेंटीमीटरहून लहान अशा १,२३० गाठींपैकी एकीतही ग्रंथी बाधित आढळल्या नाहीत.

या आकड्यांचा व्यवहारातील अर्थ मोठा आहे. धोका नगण्य ठरला, तर तोंडावाटे दुर्बीण घालून गाठ काढता येते. जठर शाबूत राहते आणि माणूस लवकर कामावर परततो. धोका मोठा ठरला, तर जठराचा भाग किंवा संपूर्ण जठर ग्रंथींसह काढावे लागते. त्यानंतर थोडे थोडे, वारंवार खाणे, अशक्तपणा आणि महिनोन् महिने बुडालेली मजुरी हे ओघानेच येते. रोजंदारीवरच्या माणसाला हा फरक संसार तगण्याचा आणि मोडण्याचा आहे.

मात्र या भाकिताला एक पूर्वअट आहे: रोग वेळेवर सापडला पाहिजे. बाधित ग्रंथी आकाराने वाढलेली असतेच असे नाही, म्हणून स्कॅनवर सर्वस्वी विसंबता येत नाही. अखेरचा निवाडा काढलेल्या गाठीचे पातळ छेद पाहणारा पॅथॉलॉजिस्टच करतो. जपानने १९८३ पासून जठराची तपासणी देशव्यापी सार्वजनिक कार्यक्रमात आणली. दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी ती होते. त्यामुळेच तेथे प्रारंभिक रोगी सापडतात. आपल्याकडे बहुसंख्य रोगी येतात ते रोग पुढे गेल्यावर. पोटातील जळजळीवर दुकानातील पुडी घ्यायची आणि दवाखान्यासाठी खाडा टाळायचा, ही श्रमिकाची बेफिकिरी नव्हे; बुडणाऱ्या मजुरीचा तो हिशेब आहे.

यावर आक्षेप घेतला जाईल की, मिझोरमसारखा प्रदेश वगळता भारतात या रोगाचे प्रमाण जपानपेक्षा पुष्कळ कमी आहे. सरसकट सर्वांची दुर्बीण तपासणी करणे हा अपव्यय ठरेल. आक्षेप रास्त आहे. पण मागणी सरसकट तपासणीची नाहीच. घटते वजन, काळा शौच, रक्तक्षय, गिळताना अडथळा किंवा उतारवयात नव्याने सुरू झालेले व न थांबणारे अपचन असलेल्या माणसाला तपासणी विनाविलंब, विनामूल्य आणि घराजवळ मिळावी, एवढीच ती आहे. जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच कर्करोगकारक ठरविले. त्याचा बंदोबस्त साध्या औषधांनी होतो. पण तो आहे हे आधी कोणीतरी पाहावे लागते.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून उभे आहे, पण सारा भार त्याच्या दारात टाकणे म्हणजे विरारपासूनच्या प्रत्येक वस्तीने आपली जबाबदारी झटकणे होय. पैशाअभावी कोणी उपचारांवाचून राहू नये, असे भोर समितीने १९४६ सालीच बजावले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्चाचे उद्दिष्ट ठेवले; २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा रोख मुख्यतः रुग्णालयातील उपचारांवर आहे. उपचारांपूर्वीच्या शोधाची जबाबदारी मात्र अधांतरी राहते, आणि याच टप्प्यावर गरिबाचे आयुष्य निसटते.

म्हणून वसई-विरारच्या कार्यकर्त्यांनी महापालिकेला तीन साधे प्रश्न विचारावेत. दुर्बीण तपासणी कोणत्या वारी व कोठे होते? नमुना कोणत्या पॅथॉलॉजिस्टकडे जातो? अहवाल किती दिवसांत हाती पडतो? उत्तरे लेखी घ्यावीत आणि वस्तीत वाचून दाखवावीत. ज्या भाकितावर जपानमधील कामगाराचे जठर वाचते, ते फुलपाड्यापर्यंत आणण्याचा मार्ग या तीन उत्तरांतूनच जातो.